ताबा आणि मालकी



सदनिकेची किल्ली हाती पडली, वास्तुशांत आटोपली आणि दारावर नावाची पाटी लागली की आपण मालक झालो, अशी जी समजूत मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गात दृढमूल झालेली आहे, ती अर्धीच खरी आहे. कारण इमारतीखालची जमीन मिळकत पत्रिकेवर पुष्कळदा मूळ जमीनमालकाच्या अथवा बिल्डरच्याच नावे राहिलेली असते, आणि पुनर्विकासाचा विषय निघताच, इतकी वर्षे तोंडही न दाखविलेला तोच गृहस्थ आपला हक्क सांगावयास पुन्हा हजर होतो.

वास्तविक करारात निराळी मुदत ठरलेली नसेल तर गृहनिर्माण संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत जमिनीचे अभिहस्तांतरण करून देण्याचे बंधन १९६३ च्या ‘मोफा’ कायद्याखालील नियमांनी बिल्डरवर घातलेले आहे, आणि त्या कायद्यात शिक्षेची कलमेही आहेत. परंतु बिल्डर तुरुंगात गेल्याने जमीन संस्थेच्या नावावर चढत नाही. ही उणीव २००८ च्या दुरुस्तीने भरून काढली. बिल्डर सही करावयास नाकारीत असला, किंबहुना परागंदा झालेला असला, तरी संस्थेने नोंदणीकृत करारनामे जोडून सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा, त्यांनी उभय पक्षांस ऐकून सहा महिन्यांच्या आत निर्णय द्यावा, आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एकतर्फी दस्त नोंदवावा, असे हे ‘मानीव अभिहस्तांतरण’ होय. सदनिकाधारकाच्या हाती याहून उपयुक्त हत्यार दुसरे नाही असे माझे मत आहे. तथापि आमच्या वार्षिक सभा गाडी कोणी कोठे लावावी या वादातच संपतात. (खांबांमधली ती मोकळी जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकताच येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निवाडा आहे, हेही त्या सभांत क्वचितच कोणाला ठाऊक असते.)

ताबाच मिळालेला नसेल तर मार्ग वेगळा. २०१६ च्या रेरा कायद्याच्या अठराव्या कलमान्वये पैसे सव्याज परत मागता येतात, अथवा करार कायम ठेवून विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मागता येते. शिवाय ग्राहक आयोगाचे दारही बंद झालेले नाही. तेथे दोन वर्षांची मुदत आहे खरी, पण भोगवटा प्रमाणपत्र न मिळाल्यामुळे मालमत्ता कर व पाणीपट्टीचा जादा भुर्दंड सोसणाऱ्या मुंबईच्या समृद्धी संस्थेच्या प्रकरणी, ही कसूर दररोज नव्याने घडत राहते, सबब तक्रार मुदतबाह्य ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ठरविले.

रेरा कायद्याखालील राज्य प्राधिकरणाचा, म्हणजे महारेराचा, हुकूम बिल्डरने पाळला नाही तर वसुलीचे अधिपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल व्हावयाची असते. म्हणून निकालाची प्रत हाती येताच पेढे वाटीत न बसता, जप्त करता येण्याजोगी बिल्डरची मिळकत कोणत्या गावी, कोणत्या गटात, कोणाच्या बोजाखाली आहे, याची यादी तक्रारदाराने स्वतः तयार करून तहसीलदाराच्या हाती द्यावी.