पुढे काय झालं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)

आदरणीय गुरुजन, आणि बाकावरून उठून आता खुर्च्यांवर बसलेल्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

आजच्या कार्यक्रमात मला दहा मिनिटं दिली आहेत. आपल्या मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यामुळे अकराव्या मिनिटाला घंटा होणार हे मी धरून चालतो.

विषय मी निवडलेला नाही, आपल्याच बॅचमधून आला. आपल्यापैकी एकीने विचारलं होतं, "माझी मुलगी रात्र-रात्र हॅरी पॉटरच्या गोष्टी लिहिते. म्हणजे रोलिंगबाईंनी लिहिलेल्या नव्हेत, हिने स्वतः रचलेल्या. पात्रं त्यांची, गोष्ट हिची. हे लेखन म्हणायचं की टाइमपास?" त्यावर बरीच मतं पडली. त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं, आणि तिच्यासारख्या मुलांना, खरं तर आपल्यालाही, लिहायला काही नवी ठिकाणं सुचवावी, एवढंच आज करणार आहे.

अशा लेखनाला फॅन फिक्शन म्हणतात. आवडत्या पुस्तकातली किंवा मालिकेतली माणसं घ्यायची आणि त्यांची न सांगितलेली गोष्ट आपण सांगायची. ज्या कलाकृतीभोवती असे चाहते जमतात, तिचा झाला फॅनडम. शब्द नवे आहेत, उद्योग जुना आहे. १८९३ साली कॉनन डॉइलने शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलून मारलं, तेव्हा वाचक खवळले. होम्सवर दुसऱ्यांनी गोष्टी रचणं तेव्हाही चालूच होतं. 'पीटर पॅन'चा लेखक जे. एम. बॅरी हा डॉइलचा मित्र. त्यानेही होम्सची एक गमतीची गोष्ट लिहिली होती. शेवटी १९०३ मध्ये डॉइललाच होम्सला परत आणावं लागलं.

आणि आपल्याकडे? वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ सालची. महाभारतातली एक छोटी कथा घेतली आणि ययाती, देवयानी, शर्मिष्ठा यांना आळीपाळीने बोलायला लावलं. त्याच कादंबरीला १९७४ चा ज्ञानपीठ मिळाला. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये कर्णाबरोबर त्याच्या बायकोला, वृषालीला, आणि भावाला, शोणला बोलतं केलं. मूळ ग्रंथात ज्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही, अशी ही माणसं. जात्यावर बसून सीतेचा वनवास गाणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या तरी काय करत होत्या? वाल्मीकींनी जिथे थोडक्यात आटोपलं, तिथे त्या थांबल्या आणि सीतेला काय वाटलं असेल ते त्यांनी स्वतःच्या सासर-माहेरातून भरलं.

राहता राहिली शाळा. बाई, "अपूर्ण गोष्ट पूर्ण करा" हा प्रश्न तुम्हीच घालत होतात. त्याला मार्कही देत होतात. तेव्हा त्या मुलीच्या आईला माझं उत्तर असं की हे लेखनच आहे. आपण सगळ्यांनी ते केलंय, फक्त दहावीनंतर सोडून दिलं.

आता मुद्द्यावर येतो. हॅरी पॉटरवर आजवर लाखो गोष्टी लिहून झाल्या आहेत. तिथे प्रत्येक कोपऱ्यात कुणी ना कुणी आधीच सतरंजी टाकून बसलेलं आहे. नव्या लिहिणाऱ्याला वाचक लगेच मिळतात, पण जागा मिळत नाही. कमी लोकांना माहीत असलेल्या पुस्तकात उलटं असतं. वाचक थोडे, जागा भरपूर. तिथे एखादं दार उघडलंत, तर ते उघडणारे पहिले तुम्हीच. इंग्रजीत २००३ पासून 'यूलटाइड' नावाची एक प्रथा चालू आहे. फारशा गोष्टी न लिहिल्या गेलेल्या पुस्तकांची, नाटकांची, मालिकांची नावं लोक सुचवतात. मग प्रत्येकाने दुसऱ्या कुणासाठी तरी त्यातल्या पात्रांची एक गोष्ट लिहायची आणि नाताळात ती भेट म्हणून द्यायची. माझ्या आजच्या बोलण्याचा रोख तिकडेच आहे.

माझी यादी सांगतो. सगळी मराठी आहे, आणि सगळ्यांत रिकाम्या जागा आहेत.

पहिलं पुस्तक 'यमुनापर्यटन'. बाबा पदमनजींचं, १८५७ सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून परीक्षेसाठी आपण नाव पाठ केलं आणि पुस्तक उघडलं नाही. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी तिला विधवा बायका भेटतात. त्या आपली हकिकत सांगतात, आणि यमुना पुढच्या गावाला जाते. बायका तिथेच राहतात. लेखकाला समाजाला एक गोष्ट पटवायची होती, त्यामुळे त्याने त्यांचं दुःख नोंदवलं आणि तो पुढे गेला. पण त्या रात्री ती बाई घरात परत गेली तेव्हा काय झालं? परक्या बाईजवळ मन मोकळं केल्याची किंमत तिला द्यावी लागली का? त्यातल्या एकेका बाईची एकेक गोष्ट होईल.

दुसरं, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं 'सुदाम्याचे पोहे'. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट. शास्त्राधाराचं सोंग आणणाऱ्या रूढींची ते आतून, अगदी गंभीर चेहऱ्याने टिंगल करतात. त्यात चोरांच्या संमेलनाचाही एक लेख आहे. भाषा जुनी, कोटीबाज. पहिली काही पानं जड जातील, नंतर गंमत यायला लागते. या तिघांना आजच्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत बसवा. पार्किंगच्या ठरावावर पांडूतात्या शास्त्रार्थ काढताहेत, एवढं नुसतं डोळ्यांसमोर आणा.

तिसरं नाव तुम्हाला अनोळखी नाही. चिं. वि. जोशींचे चिमणराव. बडोद्याला पाली शिकवणाऱ्या विद्वानाने हा भिडस्त कारकून लिहिला. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना चिमणराव-गुंड्याभाऊ म्हणून आपण डोळे भरून पाहिलंय. पण आपल्या मुलांना हे नाव माहीत नाही, म्हणून ते यादीत. शिवाय एक गोष्ट बघा. सगळं चर्‍हाट चिमणराव सांगतात. काऊ त्या घरात दिवसभर असते, फजितीनंतरची निस्तरानिस्तर तिच्या वाट्याला येते, पण तिची बाजू तिच्या तोंडून येत नाही. त्याच फजितीची हकिकत काऊने माहेरी पत्र लिहून कळवली तर? मला तर ते पत्र वाचायचंय.

चौथे, बाबुराव अर्नाळकर. हजारावर रहस्यकथा लिहिणारा हा माणूस. चष्म्याचं दुकान चालवायचा. वह्यांखाली लपवून त्यांची पुस्तकं वाचणारे आज या सभागृहात किमान दहा जण आहेत, हात वर करायला सांगत नाही. धनंजय, झुंजार, काळा पहाड ही नावं आठवतील. पण धनंजयचा सहायक छोटू? झुंजारची बायको विजया? साहसी नवरा रात्री घराबाहेर असतो, तेव्हा विजयाच्या घरी काय चाललेलं असतं? पोलीस चौकशीला येतात तेव्हा ती काय सांगते? रहस्यकथेचा वेग ठेवून हे लिहिता येईल, आणि आजवर ज्या बाजूला उजेड पडला नाही तिथे तो पाडता येईल.

पाचवे, भा. रा. भागवत. फुरसुंगीचा बनेश फेणे आता प्रसिद्ध आहे, त्याच्यावर २०१७ मध्ये चित्रपटही झाला. त्यामुळे फास्टर फेणेला मी यादीत घेत नाही. पण त्याच गोष्टींतल्या मालीला घेतो. आणि भागवतांचाच बिपिन बुकलवार घेतो. नावातच बुक असलेला हा पुस्तकवेडा मुलगा फेणेच्या सायकलच्या धुळीत मागे राहिला. धावता न येणाऱ्या, चष्मा लावणाऱ्या, सुट्टीत वाचनालयात बसणाऱ्या मुलांना स्वतःचा नायक हवा असतो. तो तयार आहे, फक्त त्याच्या नव्या गोष्टी हव्यात.

शेवटची नोंद पुस्तकातली नाही. चिऊ-काऊची गोष्ट. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा भर पावसात दारात उभा आहे, आणि मेणाच्या घरातली चिमणी आतून एकेक सबब सांगते आहे. ही गोष्ट ऐकताना आपण सगळे चिमणीच्या घरात, कोरड्यात बसलेले होतो. नातवंडांना सांगताना एकदा कावळ्याच्या बाजूने सांगून पाहा. मुलं गप्प होतात आणि मग प्रश्न विचारायला लागतात.

आता लिहायचं कसं, याबद्दल थोडं. मूळ पुस्तक पुन्हा वाचल्याशिवाय लिहू नका. आठवणीतला चिमणराव आणि कागदावरचा चिमणराव यांत फरक असतो. पात्राचा स्वभाव मोडू नका. भित्र्या माणसाला शूर करायचं असेल, तर तो शूर कसा झाला तीच तुमची गोष्ट. मूळ पुस्तक न वाचलेल्यालाही तुमची गोष्ट समजली पाहिजे. प्रसिद्ध पुस्तकाच्या बाबतीत वाचकाला सगळं ठाऊक असतं, इथे नसतं, म्हणून पहिल्या परिच्छेदातच माणसांची ओळख करून द्या. आणि मूळ लेखकाचं नाव सगळ्यात वर, ठळक अक्षरात.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण आपल्यात तीन वकील आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं पुस्तकाचे हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. पदमनजी आणि कोल्हटकर कधीच मोकळे झाले. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, म्हणजे तेही २०२४ पासून मोकळे. अर्नाळकर १९९६ मध्ये आणि भागवत २००१ मध्ये गेले, त्यांचे हक्क अजून शाबूत आहेत. त्यांच्या पात्रांवर सरावासाठी, घरच्यांसाठी लिहा. छापायचं किंवा विकायचं असेल, तर आधी परवानगी घ्या.

हे सगळं कशासाठी? मुलांनी मराठी वाचावं म्हणून आपण तक्रारीच्या सुरात बोलतो. त्यांना मराठी पुस्तकं भेट देतो, ती कपाटात जातात. पण ज्या मुलीने हॅरी पॉटर दहा वेळा वाचला, तिने तो कुणी भेट दिला म्हणून वाचला नाही. त्या जगात तिला स्वतःला काही करता येत होतं, म्हणून वाचला. आपण आपल्या पुस्तकांना हात जोडायला शिकवलं, त्यांच्याशी खेळायला शिकवलं नाही. ज्या पुस्तकाला फक्त नमस्कार होतो, त्याची पुढची आवृत्ती निघत नाही. आज काऊ, छोटू, बिपिन या नावांवर हसू फुटेल अशी बहुधा आपलीच शेवटची पिढी. आपण पन्नाशी ओलांडली आहे. आपल्यानंतर ही माणसं वाचनालयाच्या यादीत असतील, पण त्यांचं पुढे काय झालं असं विचारणारं कुणी नसेल.

म्हणून एक प्रस्ताव ठेवतो. आपल्या शाळेचं हस्तलिखित बंद पडलंय. या दिवाळीत आपली बॅच ते एका अंकापुरतं सुरू करू. बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात स्वतःचं नाव लिहा, आणि ज्याची गोष्ट वाचायची इच्छा आहे अशा एका विसरलेल्या पात्राचं नाव लिहा. माझ्या यादीतलंच हवं असं नाही. मग चिठ्ठ्या टाकू. ज्याच्या वाट्याला जे पात्र येईल, त्याने ते पुस्तक शोधून वाचायचं आणि चार पानांची गोष्ट लिहायची. स्वतःला जमत नसेल तर मुलामुलीला, नातवंडाला बरोबर घ्या. हॅरी पॉटरवाल्या मुलीला संपादक करावं असं मी तिच्या आईला आत्ताच सांगून ठेवतो. तिचा अनुभव आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त आहे.

जमलेल्या गोष्टी सुवाच्य अक्षरात लिहून, बांधून शाळेच्या वाचनालयाला देऊ, आणि शक्य झालं तर मूळ पुस्तकांची एकेक प्रतही सोबत ठेवू. म्हणजे आठवीतल्या एखाद्या पोराने आपली गोष्ट वाचली आणि त्याला ती पटली नाही, तर शेजारचंच पुस्तक काढून तो स्वतःची लिहू शकेल.

बाई, शुद्धलेखन तपासायला तुम्ही हव्या आहात. लाल शाईचं पेन आम्ही आणून देऊ.