मागायचा पगार मिळतो का?

मी इंदूरची. सामाजिक संस्थांसाठी निधी उभा करणं हा माझा पूर्णवेळ व्यवसाय आहे. आमच्याकडे लग्नकार्यात हे सांगितलं, की आत्या आईला हळूच विचारते, "म्हणजे वर्गणी मागत फिरते का गं?"

हे काम मी ठरवून निवडलं नाही. बी.कॉम. झाल्यावर एका छोट्या संस्थेत हिशेब लिहायला लागले. वस्तीतल्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालायचे. एका मार्चमध्ये वह्यांचे पैसे खात्यात शिल्लक होते, पण चार शिक्षिकांच्या पगाराला काहीच नव्हतं. वह्यांसाठी दिलेली देणगी पगाराला वळवता येत नाही. पगार झाला नसता, तर वर्ग बंद झाले असते. देणगीदारांची यादी माझ्याकडे, म्हणून फोनही माझ्याकडेच आले.

बोलायची कला मला नव्हती. मी सरळ हिशेब वाचून दाखवला. "काका, वह्या आहेत. शिकवणाऱ्या ताईंना द्यायला पैसे नाहीत." एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "पगाराला हवेत, हे मला आजवर कुणी सांगितलंच नाही." त्यांनी तीन महिन्यांचा एक पगार उचलला. वर्ग चालू राहिले आणि माझं टेबल बदललं.

मागण्याची आपल्याला लाज वाटते, पण आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडासाठी माणशी वर्षाला एक पैसा मागितला. त्या फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. महर्षी कर्वे तर सत्तरी उलटल्यावर महिला विद्यापीठासाठी युरोप, अमेरिका, आफ्रिका फिरून आले.

आज या कामाला रीतसर नोकऱ्या आहेत. २०१३च्या कंपनी कायद्यानं ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. मग प्रस्ताव लिहिणारी, अहवाल देणारी माणसं लागतातच.

त्यासाठी गोड बोलणं फारसं उपयोगी पडत नाही. नेमकी रक्कम सांगता यायला हवी. "नाही" ऐकून पुढच्या वर्षी त्याच माणसाला मोकळेपणानं नमस्कार करता यायला हवा. पावती वेळेवर जायला हवी. आणि दहा मुलं वर्ग सोडून गेली असतील, तर तेही पत्रात लिहायला हवं. माझा अनुभव असा, की अशा पत्राला देणगीदार जास्त उत्तरं देतात.

तुम्हाला हिशेब कळत असेल, साधं पत्र लिहिता येत असेल, तर या क्षेत्राकडे जरूर बघा. आणि पुढच्या वेळी देणगी देताना संस्थेला एवढंच विचारा, "पगाराला दिली तर चालेल?" पलीकडचा आवाज कसा बदलतो, ते ऐका.