लस आणि ताप

काशीच्या अमृतराव घाटाला आज पुष्कळ लोक राजाघाट म्हणतात. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी १८०३ मध्ये इंग्रजांशी तह करून वार्षिक ७ लाख रुपयांचे वर्षासन स्वीकारले आणि पुढे ते काशीस राहिले. त्यांचेच नाव या दगडी पायऱ्यांना लाभले. श्रावण-भाद्रपदात गंगेला पूर आला की यांतील कित्येक पायऱ्या पाण्याखाली जातात. परंतु घाट व्यर्थ बांधला, असे कोणी काशीकर म्हणत नाही. पाणी चढते, तरी काठ ढासळत नाही. भारताच्या बऱ्याच भागांत याच दिवसांत इन्फ्लुएन्झाची साथही चढते. त्या रोगाच्या लशीला मात्र माणसे इतका समंजस न्याय देत नाहीत.

या परिसरातील एखाद्या रुग्णालयात काम करणारी परिचारिका डोळ्यांपुढे आणावी. सोमवारी तिने लस टोचून घेतली आणि गुरुवारी ती तापाने फणफणली. अंग मोडून आले, खोकला लागला. लशीनेच दुखणे आणले, असे तिच्या सहकाऱ्यांना वाटणे स्वाभाविक आहे; परंतु ते खरे नाही. टोचण्याच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यापासून इन्फ्लुएन्झा होऊच शकत नाही. दंड दुखणे, एखाददुसरा दिवस कणकण वाटणे, एवढाच तिचा सामान्य त्रास. शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला मात्र सुमारे दोन आठवडे लागतात, आणि रोगाचा संसर्ग झाल्यापासून ताप यायला १ ते ४ दिवस पुरतात. ज्या स्त्रीला दिवसभर खोकणाऱ्या रुग्णांच्या उशाशी उभे राहावे लागते, तिला रोगाने या मधल्या काळात गाठणे मुळीच अवघड नाही.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १८९७ च्या जानेवारीअखेर मुंबईत भायखळ्याच्या तुरुंगात डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. काहींना त्याच दिवशी प्लेगची लक्षणे दिसली. कारण रोग टोचणीपूर्वीच त्यांच्या अंगात शिरला होता. पुढे मात्र लस घेतलेल्यांत २ जण आजारी पडले आणि एकही दगावला नाही. न घेतलेल्यांत १२ आजारी पडले आणि ६ मरण पावले. पहिल्या दिवसाच्या आजाऱ्यांकडे पाहून कोणी निकाल दिला असता, तर एका मोठ्या शोधावर अन्याय झाला असता.

इन्फ्लुएन्झाची लस अभेद्य नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. विषाणू रूप पालटतो, म्हणून लशीचे घटक वरचेवर बदलावे लागतात आणि ती दरवर्षी घ्यावी लागते. लस आणि विषाणू यांचा मेळ चांगला जमला, तरी आजाराचा धोका साधारणपणे ४० ते ६० टक्क्यांनीच कमी होतो. मात्र लस घेऊनही आजारी पडलेल्याचे दुखणे बहुधा सौम्य राहते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णसेवेतील कर्मचाऱ्यांना या लशीची शिफारस केली आहे, ती एवढ्याचसाठी.

काशीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आयुष्याची अखेर गंगातीरी व्हावी म्हणून देशभरातून वृद्ध माणसे येथे येतात. मराठी कुटुंबांतलीही येतात. तरुण परिचारिकेला चार दिवस अंथरुणावर पाडणारा ताप अशा जीर्ण देहाला न्युमोनियापर्यंत नेऊ शकतो. शिवाय रोगी ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच दुसऱ्याला संसर्ग देऊ लागतो. म्हणून लस पावसाळ्यापूर्वीच घेतलेली बरी. ती घेऊनही ताप आला, तर परिचारिकेने कर्तव्याच्या हट्टाने कामावर जाऊ नये. आणि वरिष्ठांनी तिच्या रजेला आळस समजू नये. त्या दिवसांत तिचे घरी राहणे हीच रुग्णांची सेवा होय.