जो आधी पोहोचतो, त्याच्या नोकरीचं काय?



खेड्यातल्या तातडीच्या वैद्यकीय सेवेचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा लगेच इमारतींवर जाते. ट्रॉमा सेंटर मंजूर झालं का, व्हेंटिलेटर आला का, उद्घाटनाला कोण येणार. मला आज माणसांबद्दल बोलायचं आहे. रुग्णापर्यंत सगळ्यांत आधी पोहोचणाऱ्या माणसांबद्दल, आणि त्यांना तयार करणाऱ्या शिक्षकांबद्दल. गेली बरीच वर्षं मी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात काम करतो आहे, आणि त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. खेड्यात जीव वाचवणाऱ्यालाच पुढचा माणूसही तयार करावा लागतो. तरी आपण त्याच्या नोकरीत शिकवण्याला जागाच ठेवलेली नाही.

सुरुवात कोकणातून करतो. १९७६ च्या सुमारास हिंमतराव बावस्कर नावाचे एक तरुण डॉक्टर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातले, शिक्षण नागपूरला. कोकणात त्यांच्यापुढे आले ते लाल विंचवाचे रुग्ण. भाताच्या पेंढ्यात हात घातला, जळणाची मोळी उचलली, चपलेत पाय घातला, आणि दंश झाला. आधी घाम, उलट्या, हातपाय गार. काही तासांत छातीत घरघर आणि तोंडाला गुलाबी फेस. धडधाकट मुलं आणि कर्ती माणसं डोळ्यांदेखत जात. गंभीर रुग्णांपैकी दहातले चार दगावत होते.

या डॉक्टरांनी काय केलं, ते सविस्तर सांगतो. ते रात्रभर रुग्णाच्या खाटेशी बसले. नाडी, रक्तदाब, श्वास, सगळं वेळ घालून वहीत उतरवत राहिले. विंचवाच्या विषाने शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर प्रचंड ताण येतो आणि फुफ्फुसात पाणी भरतं, हे त्यातून उलगडत गेलं. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. एम.डी.साठी ते पुण्याला गेले आणि परत कोकणातच आले. मग प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरायला घेतली. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा पुढचा अभ्यास आला: विंचवाची लस आणि प्राझोसिन एकत्र दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट आपण बहुधा संशोधकाची म्हणून सांगतो. मला ती शिक्षकाची वाटते. गोळी सापडली म्हणून कोकणातले मृत्यू कमी झाले नाहीत. शेजारच्या केंद्रातल्या डॉक्टरला ती माहीत झाली, नर्सने ती कपाटात ठेवली, घाम आणि गार हातपाय दिसताच द्यायची हे गावोगावी पोहोचलं, तेव्हा ते कमी झाले. बावस्करांनी आपल्या दवाखान्याइतकीच मेहनत सांगण्या-लिहिण्यावर घेतली. मात्र सरकारी सेवापुस्तिकेत या मेहनतीसाठी एकही रकाना नाही.

सापाचंही तेच. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली, आणि निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या चार महिन्यांतले. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडला डॉ. दिलीप पुंडे, नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी ग्रामीण भागातच राहून या मृत्यूंशी झुंज दिली. या दोघांनीही उपचारांच्या जोडीने शिकवण्याचं काम केलं.

सर्पदंशात नेमकं काय शिकवावं लागतं? मण्यारचं उदाहरण घ्या. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोट दुखतं, घशाशी आवळल्यासारखं होतं, मग पापण्या जड होऊन खाली येतात. घरच्यांना वाटतं अजीर्ण झालं, किंवा बाहेरची बाधा. पापणी मिटली की पुढची पाळी श्वासाच्या स्नायूंची. त्या वेळी लस तर हवीच, पण कोणीतरी अँब्यू बॅग, म्हणजे श्वास देण्याची पिशवी, हातात घेऊन दर पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबत राहायला हवं. खडबडीत रस्त्यावर, चालत्या गाडीत, तास दोन तास. हे करणाऱ्याचे हात भरून येतात. तरी हात थांबला नाही तर हाच रुग्ण काही दिवसांनी चालत घरी जातो.

किंवा घोणस, फुरसं. तिथे रक्त गोठणं बिघडतं. ते ओळखायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलीटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलं आहे. एवढंच. पण नळी साबणाने धुतलेली असली तर चांगलं रक्तही गोठत नाही. आणि मध्येच कोणी नळी उचलून पाहिली तर चाचणी फुकट. एका प्रशिक्षणात एक वयस्क परिचारिका शिकाऊ मुलींना हे दाखवत होत्या. त्यांनी नळी स्टँडमध्ये ठेवली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं, आणि वीस मिनिटं कोणालाही टेबलाजवळ येऊ दिलं नाही. मुली चुळबुळत होत्या. बाई म्हणाल्या, “नातेवाईक ओरडत असतील तेव्हाही हे असंच ठेवायचं.” पुस्तकात चाचणी लिहिलेली असते, आरडाओरड्यात हात कसा आवरायचा ते बाईंकडूनच कळतं. त्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचा हुद्दा वीस वर्षांपूर्वीचाच होता.

आता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेकडे येऊ. २०१४ मध्ये महाराष्ट्रात ही सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. इतर बऱ्याच राज्यांत या गाडीवर तंत्रज्ञ असतो. आपल्याकडे डॉक्टर असतो, बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस. गाडी चालवणाऱ्याला तिथे पायलट म्हणतात. या सेवेने असंख्य बाळंतपणं गाडीत सुखरूप पार पाडली आहेत, घाटातल्या अपघातांतून माणसं बाहेर काढली आहेत. मी तिचा मनापासून आदर करतो. म्हणूनच विचारतो: या गाडीवर आठ वर्षं काढलेला डॉक्टर नवव्या वर्षी काय असतो? जो पहिल्या वर्षी होता तोच. कंत्राटी. पायलटचंही तेच, आणि वळणावर गाडी कुठे लावायची, स्ट्रेचर कोणत्या बाजूने काढायचं हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. घर चालवायचं म्हणून डॉक्टर एक दिवस स्वतःचा दवाखाना टाकतो. त्याच्यासोबत आठ वर्षांचा अनुभव जातो, आणि नवा मुलगा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. याची किंमत रुग्ण मोजतो.

असं असायलाच हवं असं नाही. अलास्काचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. तिथल्या कितीतरी वस्त्यांना रस्ताच नाही. विमान किंवा होडी. १९५० च्या दशकात क्षयाची औषधं द्यायला गावातलेच लोक पुढे आले, आणि १९६८ पासून त्यांच्या कामाला केंद्र सरकारचा नियमित निधी मिळू लागला. गावानेच निवडलेली व्यक्ती प्रशिक्षणाला जाते, काही आठवड्यांनी गावात परतून काम करते, पुन्हा पुढच्या टप्प्याला जाते. असे चार टप्पे, प्रत्येक टप्प्याला वरचा दर्जा. दूरच्या डॉक्टरशी पूर्वी रेडिओवर बोलत, आता फोनवर. हातात त्यांच्यासाठीच लिहिलेली उपचारपुस्तिका. वर चढायला पायऱ्या आहेत म्हणून माणूस टिकतो.

आणि हे आपल्याला जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास पाहावा. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, तेव्हा निरक्षर बायकांना गावच्या आरोग्याचं काम दिलं. पुढे त्याच बायका देशोदेशीहून आलेल्या डॉक्टरांना शिकवू लागल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायला आणि जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ने छापलं, आणि त्याच धर्तीवर पुढे देशभरच्या आशाताई घरोघरी नवजात बाळं तपासू लागल्या. त्याच आशाताईंना २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरवलं, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्या आशाताई मानधनासाठी आझाद मैदानावर बसल्या होत्या. या दोन वर्षांमध्ये काय बदललं, याचं उत्तर मला शासनाकडून हवं आहे.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने पॅरामेडिक हा मान्यताप्राप्त आरोग्य व्यावसायिक ठरला. आता राज्याने पुढचं पाऊल टाकावं. १०८ वरचा डॉक्टर, पायलट, परिचारिका, आशाताई यांच्यापैकी ज्यांना शिकवता येतं त्यांची प्रशिक्षक म्हणून नेमणूक व्हावी, तीही पगार आणि हुद्द्यासह. शिकवण्यात गेलेले तास कामाचे तास धरावेत. दर पावसाळ्याआधी प्रत्येक तालुक्यात सर्पदंशाची उजळणी व्हावी, आणि ती घेणारा त्याच तालुक्यातला असावा. मुंबई-पुण्याहून स्लाइड घेऊन आलेला नसावा. यात फार मोठा खर्च नाही.

तुमच्यापैकी बरेच जण आपापल्या गावांशी जोडलेले आहात. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सापाची लस आणि अँब्यू बॅग आहे का? ती वापरायला शेवटचं कोणी, कधी शिकवलं? आणि शिकवणाऱ्याला त्याबद्दल काय मिळालं? उत्तरं लेखी मागा, आणि आमदारांना पाठवा.