मेपलचे गुऱ्हाळ
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कॅनडातल्या झाडाची गोष्ट कपाशी-ज्वारीच्या मेळाव्यात कशाला, असे कोणी म्हणेल. ऐकून घ्या, मग ठरवा.

क्वेबेक प्रांतात मेपलची जंगले आहेत. पेरणी नाही, फवारणी नाही. पण झाड ३०-४० वर्षांचे झाल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. बापाने राखायचे, लेकाने खायचे. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, रात्री गोठते आणि दिवसा वितळते अशा मोजक्या आठवड्यांत खोडाला दोन इंच भोक पाडून नळी बसवतात. ठिबकतो तो पाण्यासारखा पातळ रस. रात्री गोठल्या नाहीत तर रस नाही. त्यांचेही पीक आभाळाच्याच हाती.

उसाच्या रसात साखर शंभरात पंधराच्या आसपास असते, इथे फक्त दोन. म्हणून ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर पाक, ज्याला ते सिरप म्हणतात. जळण किती लागत असेल याचा विचार करा! आता मोठे उत्पादक आपल्या गावातल्या आर.ओ. यंत्रासारख्या यंत्रातून आधी निम्म्याहून जास्त पाणी काढून टाकतात आणि मग कढई चढवतात. फेस चढला की लोण्याचा खडा टाकतात. आपला गुळव्या तेलाचा थेंब सोडतो, विद्या तीच. पाण्याच्या उकळीपेक्षा ४ अंश वर गेले की पाक झाला. आपण त्याला काकवीच म्हटले असते.

खरी कमाई काकवीच्या पुढे आहे. हाच पाक ११२ अंशांच्या थोडा पुढे नेऊन स्वच्छ बर्फावर ओतला की चिकट चॉकलेटसारखा होतो. काडीला गुंडाळून पोरे खातात. त्याच आचेचा पाक अजिबात न हलवता झटपट गार केला आणि मग घोटला, तर लोण्यासारखा मऊ होतो, पावाला लावून खातात. थोडा कोमट असताना घोटून साच्यात भरला की वड्या. सव्वाशे अंशांवर नेऊन गरम असतानाच ढवळत राहिले की कोरडी भुरी साखर. माल एकच, फरक आचेचा आणि घोटण्याच्या वेळेचा. गरम घोटला तर दाणा मोठा पडतो, गार घोटला तर इतका बारीक की जिभेला लागत नाही. युरोपातले लोक येण्याआधीपासून तिथले आदिवासी झाडाच्या सालीच्या भांड्यांत रस धरून ही साखर करत आले आहेत.

गरिबाच्या ताटातही हा पाक आहे. पिठाचे गोळे उकळत्या पाकात शिजवतात, त्यांना 'आजोबा' म्हणतात! आपली वरणफळे डोळ्यांपुढे आणा, वरणाच्या जागी गोड पाक. १९२९ नंतरच्या मंदीत निघालेल्या एका पदार्थाचे नावच 'बेकाराचे पुडिंग' आहे: साध्या पिठावर गरम पाक ओतायचा आणि भट्टीत भाजायचा.

आता पैशाचे. जगातला ७० टक्क्यांच्या वर मेपल पाक एकट्या क्वेबेकचा. तिथे पिंपाने पाक विकायचा तर उत्पादकांच्या संघटनेमार्फतच विकावा लागतो. २००४ पासून प्रत्येकाला कोटा आहे. जास्तीचा पाक राखीव साठ्यात जातो, आणि त्याचे पैसे तो विकला गेल्यावर. १९७२ सालची एकाधिकार कापूस खरेदी ज्यांनी भोगली त्यांना हे वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की ती संघटना उत्पादकांची, सरकारची नव्हे, आणि भाव तिने सावरून धरला हे मान्य केले पाहिजे. तरी परस्पर विकणाऱ्यांवर दंड बसले, कोर्टकचेऱ्या झाल्या. २०११-१२ मध्ये तर या साठ्यातला सुमारे ३,००० टन पाक चोरीला गेला. काही पिंपांत चोरांनी पाणी भरून ठेवले होते.

पण एक मोकळीक आहे. पाच लिटरच्या आतल्या डब्यात, थेट खाणाऱ्याला विकायला एजन्सीकडे जावे लागत नाही. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये शहरातली माणसे या गुऱ्हाळांवर जेवायला येतात. पाक घातलेले घेवड्याचे दाणे, अंडी, बर्फावरची काडी. पिंपातल्या पाकाचा भाव दुसरा ठरवतो, काडीवरच्या पाकाचा तो स्वतः.

आपल्याकडे मेपल येणार नाही. पण गोड धाटांची ज्वारी आहे. अमेरिकेत केंटकी-टेनेसीत तिचा पाक पिढ्यान्‌पिढ्या काढतात, आणि आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'मधुरा' नावाची गोड ज्वारी तयार करून तिच्या पाकावर काम केले आहे. इथे १ लिटर पाकाला रस ८-१० लिटरच लागतो. मायबहिणींनो, या पाकाच्या मेपलसारख्या वड्या पाडायला जाऊ नका. मेपलची साखर जवळजवळ सगळी उसाच्या साखरेच्या जातीची, म्हणून दाणा धरते. ज्वारीच्या रसात स्टार्च आणि फळांतली साखरही असते, म्हणून तो पातळच राहतो. भाकरीशी खा, पिठात घाला. रस तळाला लागतो, सतत हलवा, हिरवी मळी काढत राहा, १०८ ते ११० अंशांवर उतरवा. नेहमीच्या धान्याच्या ज्वारीवर हा प्रयोग करू नका, गोडी पुरत नाही. आणि कडब्याचे काय, हे आधी घरात बोला. पिळलेले चिपाड जनावरे खातात, पण त्यातली गोडी कढईत गेलेली असते.