संदर्भसूची वाचतं कोण?



प्रबंध हातात पडला की बरेचसे परीक्षक आधी शेवटची पानं उघडतात. मीही त्यातलाच. प्रस्तावनेत काय लिहायचं हे विद्यार्थ्याला ठाऊक असतं, निष्कर्षावर मार्गदर्शकाचा हात फिरलेला असतो. त्यानं खरोखर काय वाचलंय ते कळतं संदर्भसूचीत. आणि तिथे पुष्कळदा एक गंमत दिसते. स्वल्पविराम, अर्धविराम, तिरका टाइप, सगळं कसं आखीवरेखीव. पुस्तकाची आवृत्ती कुठली, हे मात्र गुलदस्त्यात.

एक नमुना सांगतो. तळटीप अशी: 'तुकारामांची गाथा, पृ. ३१२.' आता कुठली गाथा? सरकारनं १९५० साली छापली ती, ४६०७ अभंगांची? की जोगमहाराजांची सार्थ गाथा? की आजोबांच्या कपाटातली, पहिली चार पानं गेलेली? गाथा बदलली की पान बदलतंच, अभंगाचा क्रमांकही बदलतो. त्यामुळे ३१२ या आकड्याला काही अर्थच उरत नाही. त्याऐवजी गाथा कोणाची ते सांगून अभंगाचा क्रमांक आणि पहिला चरण दिला, तर दुसरी गाथा घरात असलेल्या माणसालाही तो अभंग सापडतो. ज्ञानेश्वरीचं तसंच. अध्याय आणि ओवी द्यायची, पान नाही. आणि प्रत राजवाड्यांची की साखरेमहाराजांची हेही लिहायचं, कारण दोन्हींत ओव्यांची संख्या जुळत नाही.

हे सगळं परीक्षकाला खूश करण्यासाठी नाही. तुमचं वाक्य वाचून एखादा म्हणेल, 'असं खरंच लिहिलंय? बघू या तरी.' तो उठून ग्रंथालयात जाईल. सूची त्या माणसासाठी. त्याला ते पान सापडलं तर सूची बरोबर, नाही सापडलं तर तिचे सगळे स्वल्पविराम वाया.

आता स्वल्पविरामांचा हा जाच आला कुठून? कंसात लेखकाचं नाव आणि साल द्यायची जी पद्धत आज सर्रास चालते, तिचं मूळ सहसा हार्वर्डच्या एडवर्ड लॉरेन्स मार्क या प्राणिशास्त्रज्ञाच्या १८८१ सालच्या लेखात दाखवतात. लेखाचा विषय होता बिनशंखाची गोगलगाय. पुढे १९२९ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या नियतकालिकांसाठी लेखनाचे नियम छापले, ते अवघे सात पानांचे. तेच आज एपीए म्हणून आपल्या विद्यापीठांत ठाण मांडून बसलंय. २०१९ ची त्याची सातवी आवृत्ती चारशेहून अधिक पानांची आहे. मानसशास्त्रात साल महत्त्वाचं, कारण दहा वर्षांपूर्वीचा प्रयोग तिथे जुना होतो. त्यांच्या गरजेतून नियम आले, त्यांच्या कामाला ते चोख आहेत. पण तेच डोळे मिटून मराठी साहित्याच्या किंवा इतिहासाच्या प्रबंधाला लावले की काय होतं?

'फुले (१९६९) म्हणतात.' हे वाक्य मी वाचलंय. जोतीराव फुले १८९० साली वारले. १९६९ हे साल आहे धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयाचं. 'गुलामगिरी' १८७३ ची. म्हणजे सत्यशोधक समाज ज्या वर्षी निघाला त्याच वर्षीची, आणि हा योग नजरेआड झाला तर अर्धा मुद्दाच गेला. मूळ साल आणि हातातल्या प्रतीचं साल, दोन्ही तिरकी रेघ देऊन लिहा: १८७३/१९६९. तशी सोय खुद्द एपीएतही आहे. पण चारशे पानं वाचतंय कोण! सगळे मित्राच्या प्रबंधावरून नक्कल करतात.

नुसत्या आडनावावर भागवण्याची पद्धतही आपल्याकडे अडचणीची. 'देशपांडे म्हणतात.' कुठले देशपांडे? वाङ्मयेतिहास लिहिणारे अ. ना., मराठी कादंबरीवर लिहिणाऱ्या कुसुमावतीबाई, की पु. ल.? तिघंही एकाच प्रबंधात येऊ शकतात, नव्हे येतातच. ज्या मुलखात जोशी, कुलकर्णी आणि पाटील गल्लोगल्ली आहेत, तिथे आद्याक्षरं टाळण्यात कसली आलीय शिस्त? मराठी वाचक लेखकाला आद्याक्षरांनीच ओळखतो. ती मजकुरातही द्यावीत, बेलाशक.

टोपणनावांचा घोळ वेगळाच. 'विशाखा' कुसुमाग्रजांची, 'नटसम्राट' वि. वा. शिरवाडकरांचं. माणूस एक. सूचीत क खाली की श खाली? माझं मत असं की पुस्तकावर जे नाव छापलंय त्याच नावाखाली नोंद करावी आणि दुसऱ्या नावाखाली 'पाहा' म्हणून एक ओळ टाकावी. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावानं आलं. लेखिका माहेरच्या बाळूताई खरे, लग्नानंतर मालती बेडेकर. ग्रंथपालाला या तिन्ही नावांचा माग ठेवावा लागतो. विद्यार्थ्यानं ते अंगाबाहेर टाकलं की एकाच बाईची तीन माणसं होतात.

अनुक्रमाचं काम संगणकावर सोपवलं तर तो आपल्या परीनं इमानदारीत करतो. श्री. के. क्षीरसागरांना तो 'क'च्या शेवटी आणि 'ख'च्या आधी नेऊन बसवतो, कारण त्याच्या लेखी क्ष म्हणजे क आणि ष. आपण शाळेत क्ष आणि ज्ञ शेवटी म्हणत आलो, आणि कित्येक सूच्यांत क्षीरसागर ह नंतरच येतात. दोन्ही चालेल. पण एकच काय ते ठरवा, आणि सूचीच्या माथ्यावर एका ओळीत सांगून मोकळे व्हा.

जुन्या पुस्तकांवर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. मुखपृष्ठावर 'शके १८३०' असतं आणि विद्यार्थी ७८ मिळवून १९०८ लिहून टाकतो. शक बदलतो चैत्रात, इसवी सन जानेवारीत. पुस्तक त्या शकातल्या माघात किंवा फाल्गुनात निघालं असेल तर साल १९०९. महिना छापलेला नसेल तर 'शके १८३० (इ. स. १९०८-०९)' असं लिहावं. एका वर्षानं काय बिघडतं, असं विचारणाऱ्यानं पहिली कादंबरी कोणती, पहिलं नाटक कोणतं या वादांत पडू नये.

नक्कल करण्याबद्दल मघाशी बोललो. ती किती चालते, हे दोन संशोधकांनी मजेदार रीतीनं मोजलंय. कॉस्टर्लिट्झ आणि थाउलेस यांचा भौतिकशास्त्रातला १९७३ चा एक गाजलेला लेख आहे. या दोघांना पुढे २०१६ चं नोबेल मिळालं. सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी २००३ च्या सुमारास त्याचे उल्लेख तपासले. सुमारे ४३०० उल्लेख. त्यांतल्या १९६ ठिकाणी खंड, पान किंवा साल चुकलेलं. आता चूक ज्याची त्याची असती तर १९६ तऱ्हा दिसायला हव्या होत्या. निघाल्या फक्त ४५. पानाच्या आकड्यातली एकच चूक तब्बल ७८ ठिकाणी, जशीच्या तशी! म्हणजे एकानं चुकीचं लिहिलं आणि बाकीच्यांनी मूळ लेख न उघडता त्याच्या सूचीतून ओळ उचलली. या हिशेबावरून त्यांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्या पाचांतला जेमतेम एकजण मूळ लेख वाचतो. अंदाज थोडा कठोर असेल. वाचूनही ओळ दुसरीकडून उतरवणारे आळशी लोक असतात, त्यांना त्यांनी धरलेलं दिसत नाही.

याच्याही पुढची पायरी म्हणजे जो लेख कधी लिहिलाच गेला नाही त्याचा संदर्भ. एका बड्या प्रकाशनसंस्थेच्या सूचनापत्रकात नोंद कशी करावी हे दाखवायला एक काल्पनिक लेख दिला होता. लेखकांची नावं, साल, पानं, सगळं बनावट. तो जवळजवळ चारशे निबंधांच्या सूचीत जाऊन बसला, हे २०१७ मध्ये उजेडात आलं. नमुना पुसून आपली नोंद भरायची, एवढंही त्या मंडळींना जमलं नव्हतं. आणि आता तर चॅटजीपीटी आहे. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी त्याच्या भरवशावर अस्तित्वातच नसलेल्या खटल्यांचे दाखले दिले आणि पाच हजार डॉलरचा दंड ओढवून घेतला. यंत्रानं रचलेली नोंद दिसायला अगदी निर्दोष असते, स्वल्पविरामासकट. म्हणून तर मला निर्दोष स्वल्पविरामांचं कौतुक उरलेलं नाही.

एखादं मूळ पुस्तक मिळालंच नाही, दुसऱ्याच्या पुस्तकातून उतारा घ्यावा लागला, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. 'अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत' असं सरळ लिहावं. विद्यार्थी हे टाळतात, कारण आपण कमी वाचलं असं दिसेल ही धास्ती. परीक्षकाला उलट हायसं वाटतं.

दुसरी धास्ती टक्क्यांची. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबाबत नियम केले. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे पायरीपायरीनं कारवाई. विद्यार्थ्यांच्या कानावर फक्त 'दहा टक्के' एवढंच पडलं. मग अवतरणचिन्हं काढायची, चांगल्या वाक्याचे शब्द पिरगाळायचे आणि खाली संदर्भच द्यायचा नाही, असा उद्योग सुरू झाला. वस्तुस्थिती अशी की संदर्भासह दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची या नियमांनुसार मोजणीतून वगळायच्या असतात. अवतरण द्या, चिन्हांत द्या, खाली पान द्या. टक्का वाढत नाही. शब्द पिरगाळलेलं निनावी वाक्य यंत्राच्या नजरेतून सुटेलही, पण चोरी ती चोरीच.

मराठीत या कामाचा वस्तुपाठ शोधायला लांब जावं लागत नाही. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रंथालयात असायला हवी. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांचा पहिला भाग १९४३ साली आला, १९३८ ते १९५० चा दुसरा भाग १९६१ मध्ये. तुमच्या हातातली प्रत दुसरी आवृत्ती आहे आणि पहिली कधीची ते कळत नाही, तर आधी दात्यांकडे जा. संगणक नव्हता तेव्हाचं हे काम. नोंदी वाचताना त्या कोरड्या वाटतात खऱ्या. तासभर चाळा, एकोणिसाव्या शतकात कुठल्या गावात छापखाने होते आणि लोक काय विकत घेत होते ते आपोआप दिसायला लागतं.

प्रबंध आत्ता सुरू करणाऱ्यांसाठी शेवटचं एक. सूची शेवटच्या आठवड्यात करू नका. पुस्तक हातात आलं की मोबाइलवर दोन फोटो काढा: एक मुखपृष्ठाचा, दुसरा त्याच्या आत जिथे प्रकाशक, मुद्रक आणि आवृत्ती छापलेली असते त्या पानाचा. टिपण काढताना प्रत्येक टिपणाच्या कोपऱ्यात पृष्ठांक लिहा, त्याच वेळी. पुस्तक परत केल्यावर तो आठवत नाही, आणि ग्रंथालयातली ती एकुलती एक प्रत नेमकी तेव्हाच बांधणीला गेलेली असते.