आत्याचा तंबोरा

घरांतील वडील माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंची विल्हेवाट बहुधा लवकर लागते. भांडीं कामांत येतात, कपडे गरजूंना देतां येतात, पुस्तकें एखादें वाचनालय घेतें. परंतु जाणारा मागें एखादें वाद्य ठेवून गेला, तर तें आपल्याला वाजवतांही येत नाहीं आणि टाकवतही नाहीं. दोन वर्षांपूर्वीं माझी आत्या वारली, आणि तिचा तंबोरा मीं वाद्यांच्या दुकानांत नेऊन विकला. त्या व्यवहारांत मला जें शिकावयास मिळालें, तें आज आपणांस सांगणार आहें.

आत्या गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देऊन विशारद झाली होती. चाळीस वर्षें तिनें घरीं मुलींना गाणें शिकविलें. हा तंबोरा माझ्या आजोबांनीं तिच्यासाठीं १९५६ सालीं मिरजेहून आणला होता. तंतुवाद्यांच्या कामीं मिरजेचें नांव मोठें. तेथील शिकलगार, म्हणजे हत्यारें घडविणारे व त्यांना धार लावणारे कारागीर, एकोणिसाव्या शतकांत वाद्यें घडविण्याकडे वळले. त्यांत फरीदसाहेब सितारमेकर यांचें नांव अग्रभागीं घेतलें जातें. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भीमाकांठचे, लाकूड तुणीचें, आणि कसब पिढीजात. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालें.

आत्या गेल्यावर तंबोरा तिच्या खोलीच्या कोपऱ्यांत गवसणींत तसाच उभा होता. ती गवसणी तिनें आपल्याच एका जुन्या लुगड्याची शिवली होती. पुढें आमच्या इमारतीचें नवें बांधकाम निघालें आणि आम्हांला भाड्याच्या दोन खोल्यांत जावें लागलें. सुमारें पांच फूट उंचीचें तें नाजूक वाद्य तेथें ठेवावयाचें कोठें? मुलगा म्हणाला, "बाबा, इथें पडून फुटण्यापेक्षां कोणी वाजवील तर बरें." मला तें पटलें.

दुकानदार वयस्क व जाणते होते. त्यांनीं गवसणी उतरविली आणि भोपळ्यावर हलक्या टिचक्या मारीत कानानें तडा शोधला. मग भोपळा व दांडी जेथें जुळतात तो सांधा पाहिला, दांडी वाकली आहे काय हें नजर लावून पाहिलें, खुंट्या फिरवून पाहिल्या. दांडीवरील पांढऱ्या नक्षीपाशीं मात्र ते बराच वेळ थांबले. ती हस्तिदंताची असती, तर तंबोरा त्यांना घेतांच आला नसता. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यांत १९८६ व १९९१ सालीं दुरुस्त्या होऊन हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली आहे. सुदैवानें आमची नक्षी सेल्युलॉइडची निघाली.

मग त्यांनीं किंमत सांगितली. ती माझ्या मनांतील आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही नव्हती. मीं जरा रागानेंच म्हटलें, "जुन्या व्हायोलिनला लोक लाखांनीं पैसे मोजतात, आणि आमच्या जुन्या तंबोऱ्याला एवढेच?"

ते शांतपणें म्हणाले, "मास्तर, व्हायोलिन अख्खें लाकडाचें. आपला हा भोपळा आहे. एक धक्का लागला, कीं गेला. घोडी झिजली आहे, जवारी नव्यानें काढावी लागेल, खुंट्या बसवाव्या लागतील. आणि घेणारे किती? आतां बहुतेकांचा तंबोरा मोबाइलमध्यें असतो."

असें म्हणून त्यांनीं तारा जुळविल्या. पहिली पंचमांत, मधली जोड षड्जांत, चौथी पितळेची खर्जांत. नंतर घोडी व तार यांच्यामध्यें सुताचा धागा घालून तो अगदीं सावकाश सरकविला. धागा जागेवर येतांच इतका वेळ बोथट वाटणारा नाद एकाएकीं खुलला. लहानपणापासून मीं तो रोज पहाटे ऐकला होता. तो त्या वाद्यांत अजून शिल्लक असेल असें मला वाटलें नव्हतें. तंबोरा परत न्यावा असें मनांत आलें, आणि दुकानदारांनीं तें ओळखलें. "न्यायचा तर खुशाल न्या," ते म्हणाले, "पण घरीं लावणार कोण?" मजजवळ उत्तर नव्हतें. मीं पैसे घेतले.

येथवर मीं कांहीं वावगें केलें असें मला आजही वाटत नाहीं. चूक निराळीच होती, आणि ती दीड महिन्यानें कळली. आत्याची एक जुनी शिष्या परगांवाहून भेटावयास आली. ती आतां स्वतः मुलींना शिकविते. चहा झाल्यावर तिनें विचारलें, "काका, बाईंचा तंबोरा कुठें ठेवलात?" मीं खरें तें सांगितलें. ती कांहीं वेळ खालीं पाहत राहिली. मग म्हणाली, "मला एक फोन केला असता, तर मी त्याच दिवशीं आलें असतें."

आम्ही तसेच दुकानांत गेलों. तंबोरा विकला गेला होता. गिऱ्हाइकाचें नांव सांगणें दुकानदारांस प्रशस्त वाटलें नाहीं, परंतु गाणें शिकणाऱ्या एका मुलीनें तो नेला, एवढें त्यांनीं सांगितलें. नवी गवसणी त्यांनीं दिली होती. जुनी दुकानांतच पडून होती. ती मागून घेऊन शिष्या आपल्या गांवीं गेली.

आत्याच्या कपाटांत तिच्या शिष्यांच्या पत्त्यांची व दूरध्वनींची वही होती. तंबोरा दुकानांत नेण्यापूर्वीं ती उघडून पाहावी, हें मला सुचलें नाहीं.

म्हणून, श्रोतेहो, आपल्या घरीं असें एखादें वाद्य असेल, तर तें वाजविणारें माणूस हयात असतांनाच विचारून ठेवा, कीं यानंतर हें कोणाकडे जावें. विचारण्याचें राहून गेलें असेल, तर निदान शिष्यांना व सोबत्यांना आधीं कळवा. तोंवर वाद्याच्या तारा थोड्या सैल करून तें उन्हापासून व ओलीपासून दूर ठेवा, आणि स्वतःच्या हातानें त्याला रंगरोगण करूं नका. एवढें करूनही घेणारें कोणी न भेटलें, तर खुशाल दुकानांत जा. वाद्य विकण्यांत कमीपणा नाहीं. तें कोणाच्या तरी हातीं वाजतें राहावें हेंच बरें. मात्र मीं केली तशी घाई आपण करूं नये.